तांबोळींची पितळी पट्टी

शमीमभाभींनी बेल दाबली नाही, दारावर हातानं थाप मारली. दुपारची वेळ होती, मी चहाचं आधण ठेवलं होतं. दार उघडलं तर भाभी भाजीची पिशवी हातात घेऊनच उभ्या. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत होती. "बाई, जरा वर येता का? हे उठत नाहीयेत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, माळ्यावरचा डबा काढायला हाक मारावी तसा. मी गॅस बंद केला, किल्ली घेतली, घरातल्या सपाता काढून बाहेरच्या चपला घातल्या. जायचं होतं फक्त एक जिना वर. चपला का बदलल्या, हे मला अजून सांगता येत नाही.

वर तांबोळी त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसलेले होते. समोर त्यांचे दोन स्पीकर, मांडीवर चष्मा, हनुवटी छातीला टेकलेली. रेकॉर्ड संपून गेली होती आणि सुई आतल्या गोलात फिरत होती, टक्… टक्… टक्… तो आवाज फार टोकदार होता, एवढं मला तेव्हाही जाणवलं. मी आधी सुई उचलून जागेवर ठेवली, मग अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, आणि मग डॉक्टरांना फोन लावला. खरं म्हणजे क्रम उलटा हवा होता. पण त्यानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. संध्याकाळपर्यंत हडपसरहून मुलगी-जावई आले, सोसायटीतले पुरुष खाली जमले आणि तांबोळींना घेऊन गेले. मी वरच थांबले. चहासाखर कुठल्या डब्यात आहे हे मला ठाऊक होतं, त्यामुळे चहा मीच करत राहिले.

त्या दिवसापासून मी रडलेले नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण सोसायटीतल्या बायका माझ्याकडे जरा शोधक नजरेनं बघतात. इतक्या वर्षांचा घरोबा, आणि बाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. काय करणार… मला काही होतच नाही. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं झालंय. भूक लागते, झोप लागते, वीजबिल वेळेवर भरलं. पेपरच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा, असा निरोप आला तेव्हा "लिहिते की" म्हणून मोकळी झाले. कागद पुढे घेतला तेव्हा कळलं की मला सांगण्यासारखी एकच गोष्ट ठाऊक आहे, आणि ती म्हणजे तांबोळींचे स्पीकर.

आम्ही दोघं हडपसरच्या एका पंपांच्या कारखान्यात होतो. ते टेस्टिंगला, मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारी ट्रेसर. कारखान्यातल्या लोकांनी मिळून बिबवेवाडीत सोसायटी काढली, त्यात मला आणि आईला दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली आणि तांबोळी आमच्या बरोबर डोक्यावर आले. कारखान्यात मी त्यांना फक्त नावानं ओळखत होते. 'ड्रॉइंगमध्ये माप दिसत नाही' असे तिरके शेरे मारून कागद परत पाठवणारे टेस्टिंगचे तांबोळी, एवढंच. माप दिसत होतं. त्यांचा चष्मा बदलायला झाला होता, आणि तसं मी उलट लिहून पाठवलंही होतं.

राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी वरून असा काही आवाज सुरू झाला की आईनं देवासमोरची घंटा खाली ठेवली. मी तरातरा वर गेले. दार त्यांनीच उघडलं.

"अहो तांबोळी, पत्रा कापताय का?"

"नाही. गाणं लावलंय."

"हे गाणं आहे?"

"तोडी आहे. बाईंनी गायलेला."

"मग त्या बाईंना सांगा, जरा हळू. खाली माणसं राहतात."

दुसरा कोणी असता तर भांडण झालं असतं, आणि मी त्याच तयारीनं गेले होते. तांबोळी बाजूला सरकले आणि म्हणाले, "आत या. नेमकं कुठं टोचतंय ते सांगा." मला वाटलं, टोमणा आहे. पुण्यात जन्मलेला माणूस, वाटणारच. पण ते खरंच विचारत होते. खोलीत दोन भलीमोठी लाकडी खोकी, आणि प्रत्येकात मध्यभागी एकच स्पीकर. शमीमभाभी कोपऱ्यात गवार मोडत होत्या. त्यांनी मला हातानंच 'बसा' म्हटलं, आणि कुणीतरी आलं बुवा ह्यांना सांगणारं, असा सुटकेचा चेहरा केला.

ते स्पीकर त्यांनी जुन्या बाजारातून, मोडक्या रेडिओग्राममधून काढून आणले होते. साधारणपणे जाड आवाजाला एक स्पीकर असतो आणि बारीक आवाजाला दुसरा. ह्यांच्याकडचा एकटाच सगळं वाजवणारा. "तबलाही ह्यानंच वाजवायचा, सारंगीही ह्यानंच," तांबोळींनी मला समजावलं. "सगळं एकसंध येतं, गाणारा माणूस समोर बसल्यासारखा. खोड एकच. एकट्यानं सगळं करणाऱ्याचा आवाज वर चढतो."

"माझ्याकडे बघून बोलू नका," मी म्हटलं. त्या वेळी आजारी आई, नोकरी आणि घर मी एकटीच बघत होते.

त्या दिवसापासून रविवारी सकाळी चहा झाला की मी वर जायचे. तांबोळींची पद्धत अशी की रेकॉर्ड एकच, बाजू एकच, तोच तोडी. काय बदललं ते कळायला बाकी काही बदलता कामा नये, हे टेस्टिंगवाल्याचं डोकं. ती बाजू मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्या गाणाऱ्या बाई कुठं श्वास घेतात ते मला माझ्या चुलतभावंडांच्या नावांपेक्षा चांगलं आठवतं. मी खुर्चीत बसून माझ्या भाषेत सांगायचे. 'पत्रा' म्हणजे सगळंच कर्कश. 'मोहरी' म्हणजे स आणि श आले की तडतड. 'सुई' म्हणजे वरच्या सुरात एकाच जागी कानात घुसणारं काहीतरी. तांबोळी मान डोलवायचे आणि खोक्याच्या मागे जाऊन बसायचे.

मागे त्यांचा तो फिल्टर असायचा. फिल्टर म्हटलं की काही मोठं यंत्र वाटेल. पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा, त्याच्यावर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्याच्या दोन टोकांना जोडलेली रेझिस्टरची एक पांढरी कांडी. बस्स. मी एकदा विचारलं, हे करतं काय? ते म्हणाले, "जाड आवाज वेटोळ्यातून आरामात जातो. बारीक आवाजाला वेटोळं अडवतं. मग त्यानं ह्या कांडीच्या बोळातून जायचं. बोळातून जाताना अंग चोरावं लागतं, तेवढा तो मवाळ होतो." तारेचे वेढे वाढवले की अडवणूक अलीकडून सुरू होते, आणि कांडी मोठी घेतली की बोळ आणखी अरुंद होतो. पत्र्याला एक उपाय, मोहरीला दुसरा. चार वेढे सोडायचे, दोन घालायचे, पुन्हा तीच बाजू लावायची आणि मागूनच विचारायचं, "आता कुठं टोचतंय?"

त्यांचं म्हणणं असं की फिल्टर काही देत नाही, फक्त काढून घेतो, तेव्हा हात आखडून काम करावं. टोचतं तेवढंच काढायचं. एकदा मी फारच 'सुई, सुई' केल्यावर त्यांनी वैतागून मोठी कांडी लावली. टोचायचं थांबलं, पण गाणाऱ्या बाई घोंगडी पांघरून गायला बसल्या. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ह्याच्यापेक्षा सुई बरी." त्यावर ते इतके खूश झाले की भाभींना पुन्हा चहा टाकायला लावला. भाभींनी दोघांनाही ऐकू जाईल असं पुटपुटून टाकला.

एका रविवारी मला सर्दी होती. कानांना दडे बसलेले, पण नेम चुकवायचा नाही म्हणून गेले आणि सांगितलं, झकास, कुठंही टोचत नाही. तांबोळींनी कथलाचा डाग लावून सगळं पक्कं केलं, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. पुढच्या रविवारी सर्दी गेली होती. सुई ठेवल्याबरोबर मी खुर्चीवरून उठलेच. "अहो, हा तर पहिल्या दिवसाचा पत्रा." तांबोळींनी माझ्याकडे बघितलं, चिकटपट्टीकडे बघितलं. "केसकरबाई, पुढच्या वेळी येताना कान घेऊन या," ते म्हणाले, आणि त्या दिवशी माझ्याशी पुढं एक अक्षर बोलले नाहीत. चूक माझी नव्हती. सर्दी झालेल्या माणसाला त्यांनी विचारलंच कशाला? हे मी त्यांना पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं, आणि त्यांनी ते कधीही मान्य केलं नाही.

सोसायटीच्या गणपतीला गच्चीवर जो कर्णा लागायचा, त्याच्या आवाजानं कबुतरं आठवडाभर परत येत नसत. एका वर्षी तांबोळींनी कुणाला न विचारता त्याच्या वायरीत एक वेटोळं आणि कांडी घातली. आरती पहिल्यांदा शब्द कळतील अशी ऐकू आली. सेक्रेटरी म्हणाले, "तांबोळी, आवाज बसला की हो." तांबोळी म्हणाले, "आवाज बसला नाही. तुम्ही आरती चुकीची म्हणता, ते आता ऐकू यायला लागलंय." विसर्जनाच्या आधी कुणीतरी ते वेटोळं काढून टाकलं. तांबोळींनी कोण म्हणून विचारलं नाही.

आई गेली त्यानंतरच्या रविवारी मी वर जाणार नव्हते. नेहमीची वेळ टळल्यावर शमीमभाभी न्यायला आल्या. तांबोळी सांत्वनाचं काही बोलले नाहीत, त्यांना तसलं जमत नसे. तीच बाजू लावली आणि म्हणाले, "आज टोचतंय का ते सांगू नका. नुसत्या बसा." मी बसले. तेव्हा रडलेही होते, म्हणजे मला रडता येत नाही असं नाही.

आम्ही दोघं निवृत्त झालो, त्यांची मुलगी लग्न होऊन हडपसरला गेली, रविवार तसाच राहिला. वेटोळ्यात आता बदलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तरी ते मागे जाऊन बसायचे, चार वेढ्यांशी खेळायचे आणि विचारायचे. आणि मी काहीतरी सांगायची, कारण माझं कामच ते होतं.

त्यांच्या दाराला चिमणीच्या आवाजाची बेल आहे. पूर्वी मी बेल दाबली की तांबोळीच दार उघडायचे. कधीतरी भाभी उघडायला लागल्या. मी त्याचा काही विचार केला नाही. मग एकदा भाभी अंघोळीला होत्या, मी बेल दाबत राहिले, आतमध्ये ती चिमणी किंचाळत होती आणि खिडकीतून मला तांबोळींचं डोकं दिसत होतं, पेपर वाचणारं, शांत. शेवटी मी दारावर थाप मारली तेव्हा ते लगेच उठले. "बेल बिघडलीय वाटतं," ते म्हणाले. मी म्हटलं, असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो रविवार आला. तांबोळी त्या दिवशी अगदी खुशीत होते. म्हणाले, "मधे कितीतरी दिवस हे स्पीकर झोपल्यासारखे वाजत होते. काल कांडी लहान केली, वेढे कमी केले. आता ऐका." त्यांनी सुई ठेवली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पत्रा, मोहरी, सुई, सगळं एकदम. शमीमभाभी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दार ओढून घेतलं. तांबोळी मात्र डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की मी तिकडं बघायचं टाळलं. बाजू संपली. त्यांनी विचारलं, "कुठं टोचतंय?"

मला एका क्षणात सगळं कळलं. उभा जन्म टेस्टिंगच्या शेडमध्ये, चालू पंपांच्या शेजारी उभं राहून काढलेला. तिथं कानात कापसाचा बोळा घातला तर बाकीचे हसायचे. जाड आवाज शाबूत होता, बोलणं कळत होतं, पण वरचं सगळं गेलं होतं. जे जन्मभर त्यांनी तोलून-मापून काढलं, तेच आता त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. आणि ते त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण कुठं टोचतंय ते सांगणारी मीच. मी तोंडाची फटकळ आहे. आमच्या ऑफिसात साहेबसुद्धा माझ्यापुढे जपून बोलत. पण त्या दिवशी ते माझ्याच्यानं झालं नाही. ह्या माणसाला 'तुमचे कान गेले' म्हटलं, तर उद्यापासून हा खोक्यांच्या मागे जाऊन बसेल कशासाठी?

"तांबोळी," मी म्हटलं, "स्पीकर छान आहेत. अलीकडे माझेच कान हळवे झालेत. बारीक आवाज सोसत नाही. वयाचं आहे म्हणे, डॉक्टरही तेच म्हणाले." डॉक्टर मी मनानंच घातले.

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "बरं," म्हणाले.

पुढच्या रविवारी दोन्ही खोक्यांच्या पाठीला एकेक पितळी पट्टी आली होती. बोटभर लांब, दोन्ही टोकांना हातानं फिरवायचे नट. तांबोळींनी मला मागे बोलावून दाखवलं. पट्टी लावली की आवाजाला सरळ रस्ता मिळतो, तो फिल्टरकडे फिरकतच नाही, सगळी धार तशीच्या तशी बाहेर. पट्टी काढली की पुन्हा वेटोळं आणि कांडी, आणि ते दोन्ही त्यांनी पूर्वीसारखे करून ठेवले होते. "एरवी मी लावून ऐकेन," ते म्हणाले. "तुम्ही आलात की काढत जाईन. तुमच्या कानांसाठी." मी म्हटलं, "उपकार झाले."

तेव्हापासून दर रविवारी हेच चाललं. मी खुर्चीत बसायची, तांबोळी मागे जाऊन नट सैल करायचे, पट्ट्या काढून खिशात टाकायचे. बाजू संपल्यावर विचारायचे, "टोचतंय कुठं?" मी म्हणायची, "कुठंच नाही." ते म्हणायचे, "छान." ऐकताना योग्य त्या जागी त्यांची मान हलायची, समेवर हात यायचा. मला मनातून बरं वाटायचं की आपण एवढी मोठी थाप मारली आणि ती पचली. तांबोळींसारख्या माणसाला फसवणं सोपं नाही.

मध्यंतरी त्यांचा चाळिसावा झाला. पाहुणे गेले, मुलगी गेली. मी भाभींना भांडी पुसून देत होते. त्यांनी एक पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, एक सांगायचंय. ते असताना सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. आता चालेल ना?"

"सांगा की."

"तुमचे कान हळवे झाले म्हणालात, आठवतंय? त्या दिवशी तुम्ही गेलात आणि हे मला म्हणाले, शमीम, माझे कान गेले."

मी दुसरं पातेलं उचललं.

"मी म्हटलं, असं कसं, बाई तर त्यांचे गेले म्हणतायत. तर म्हणाले, ह्या बाईनं कारखान्यात कधी एका रेघेलासुद्धा 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही. सर्दी झाली होती तेव्हा चूक माझी होती म्हणे. आणि आज म्हणते, दोष माझ्या कानांचा. म्हणजे नक्की माझेच गेले."

त्याच आठवड्यात दोघं सदाशिव पेठेतल्या एका कानाच्या दवाखान्यात जाऊन आले होते. तपासणीत तेच निघालं. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. तांबोळींनी ते तिथंच लावून बघितलं, चपलेची करकर आणि कागदाची फडफड ऐकली, आणि काढून टेबलावर ठेवलं. "एवढ्याशा स्पीकरचा पत्रा कुठून काढत बसू," असं डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी म्हटलं त्यांना. तर म्हणाले, जन्मात पहिल्यांदा खोटं बोलल्यात, बरं जमलंय असं वाटू दे त्यांना."

मला राग आला. इतक्या दिवसांत मला काही झालं असेल तर ते हे. दर रविवारी मी 'कुठंच नाही' म्हणायची आणि हा माणूस 'छान' म्हणायचा, तेही सगळं ठाऊक असून. वर जाऊन चांगलं सुनावावं असं वाटलं, मग लक्षात आलं की मी वरच आहे आणि ज्यांना सुनावायचं ते नाहीत. मी आणखी एक पातेलं पुसलं. मग विचारलं, "रविवारी त्यांना ऐकू काय यायचं हो? पट्टी काढल्यावर?"

"ठेका यायचा. बाईंचा खालचा आवाज यायचा. वरचं काही नाही." भाभींनी नळ बंद केला. "पण ती बाजू पाठच होती ना त्यांना. म्हणायचे, वरचं मी आठवतो."

म्हणजे समेवर येणारा तो हात, ती मान… मी जे ऐकत होते ते त्यांनी माझ्यासाठी जुळवून दिलेलं होतं, आणि ते स्वतः शेजारी बसून अर्धं आठवत होते.

"आणि एरवी? पट्टी लावून?"

"मी घरात असताना नाही लावायचे. माझं डोकं दुखायचं. मी बाजारात गेले की लावायचे." भाभींनी ओट्यावरचं फडकं उचललं, पुन्हा ठेवलं. "त्या दिवशी लावलेलीच आहे. अजून तशीच. मी पुसतानासुद्धा हात लावला नाही."

आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत गेलो. खोक्यांच्या मागे वाकून मी बघितलं. पट्ट्या जागेवर होत्या, नट घट्ट. रेकॉर्डही प्लेअरवर तशीच होती, मीच तर सुई उचलून ठेवली होती. भाभी म्हणाल्या, "लावा." मी म्हटलं, "पट्टी काढू का आधी?" त्या म्हणाल्या, "नको. त्यांचं कसं होतं ते मी कधी नीट ऐकलंच नाही."

मी अ‍ॅम्प्लिफायर लावला, सुई ठेवली. भाभी त्यांच्या नेहमीच्या कोपऱ्यात बसल्या, मी माझ्या खुर्चीत. वेताची खुर्ची रिकामी होती. तोडी सुरू झाला आणि पहिल्याच तानेला कानात कळ आली. तंबोऱ्याच्या तारा खरवडल्यासारख्या, शब्दातला प्रत्येक स फुटलेला, आणि वरच्या सुराला ती जुनी सुई, बरोबर तिथंच, जिथं पहिल्या रविवारी होती. शमीमभाभींनी पदर कानांवर घेतला. उठल्या मात्र नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते आवाजानं आलं की कशानं, ह्याच्या खोलात मी गेले नाही. येऊ दिलं.

बाजू संपल्यावर भाभी म्हणाल्या, "असं ऐकायचे होय? एवढं कर्कश?"

"असं नाही," मी म्हटलं. "हे आपल्याला असं ऐकू येतं. त्यांना हे गोड यायचं. बरोबर यायचं."

"मग आपल्याला ते कधी कळणार नाही."

"नाही."

त्यांनी कानांवरचा पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी या."

तसा आता नेम झाला आहे. रविवारी चहा झाला की मी वर जाते, चिमणीची बेल दाबते, भाभी दार उघडतात. आधी ती बाजू पट्टी लावून ऐकायची, मग भाभी मागे जाऊन नट सैल करतात, पट्ट्या वेताच्या खुर्चीवर ठेवतात, आणि तीच बाजू आम्ही पुन्हा आमच्या कानांनी ऐकतो. नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते त्यांना मी दोनदा दाखवलं, आता त्यांचं त्यांना जमतं. पट्टी लावलेली असते तोवर त्या कानांवर पदर घेऊन बसतात. मी नाही घेत. कुठं टोचतंय ते मी नीट लक्ष देऊन ऐकत असते. कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.